पोस्टमन बाहेरून आला पाहिजे

गेल्या जुलैत एका रात्री, साडेअकराच्या सुमाराला, मी ३१ जणांना खोटी बातमी पाठवली. 'आपलं लेखन अंकासाठी स्वीकारलं आहे, अभिनंदन.' त्या ३१ पैकी बहुतेकांचं लेखन संपादक मंडळाने अजून उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. सकाळी आठपर्यंत तिघांनी स्टेटस ठेवलं होतं. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने तर आजीला फोन करून कविता छापून येणार म्हणून सांगितलं होतं. ती कविता पुढे निवडली गेली नाही.

साहित्य मंडळाच्या अंकात कोडवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, कॉम्प्युटर माझं फक्त मायनर. पण ही चूक झाली ती या अंकाच्याच कामात, आणि ज्यांना ती मेल गेली ते हा अंक वाचतात. तेव्हा नेमकं काय घडलं आणि ते परत घडू नये म्हणून कोड कसा बदलला, हे सांगायची जागा हीच. गणित नाही, घाबरू नका.

आधी गरज काय होती ते सांगते. अंकासाठी लेखन यायचं कुठून कुठून! कुणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचं, कुणी मेल, कुणी वहीची पानं फाडून स्टाफरूमच्या कपाटात ठेवायचं. मागच्या वर्षी एफवायच्या एका मुलीची कथा हरवली ती हरवलीच. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. म्हणून मी एक साधी सोय करायला घेतली: फॉर्म भरला की लेखन एका तक्त्यात जाईल, त्याला क्रमांक मिळेल, आणि लेखकाला त्या क्रमांकासह पोचपावतीची मेल जाईल. पुढे संपादकांनी निर्णय नोंदवला की तोही मेलने कळेल. एवढंच.

यासाठी वर्षभर एक सर्व्हर भाड्याने घेऊन चालू ठेवणं म्हणजे महिन्यातून दोनदा बाजारात जाण्यासाठी गाडी विकत घेण्यासारखं. गोव्यात आपण अशा वेळी काय करतो? पायलट पकडतो. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर मागे बसायचं, म्हापशाला उतरायचं, तेवढ्याचे पैसे द्यायचे. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, रात्री ती कुठे उभी राहते, यातलं काही आपल्या डोक्याला नाही. 'सर्व्हरलेस' म्हणजे हेच. सर्व्हर असतोच, पण तो आपला नसतो. (मी याचं मराठी 'निःसर्व्हर' करून पाहिलं. आमच्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं. सोडून दिलं.)

ॲमेझॉनची या प्रकारची सेवा म्हणजे लॅम्डा. ती २०१४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली आणि तिथून हा प्रकार खऱ्या अर्थाने पसरला. आपण फक्त एक फंक्शन लिहून द्यायचं. कुणी फॉर्म भरला की लॅम्डा ते फंक्शन चालवतं आणि चाललं तेवढ्या वेळाचे पैसे लावतं, तेही मिलिसेकंदात मोजून. महिन्याला १० लाख हाका फुकट आहेत. आमच्या मंडळाला अख्ख्या वर्षात हजारसुद्धा लागत नाहीत. एका हाकेला जास्तीत जास्त १५ मिनिटं मिळतात, आणि मेमरी १२८ एमबीपासून १०,२४० एमबीपर्यंत आपण ठरवायची. मुंबईत ॲमेझॉनची केंद्रं २०१६ पासून आहेत, त्यामुळे आमची पोचपावती सातासमुद्रापार जाऊन येत नाही.

आता पायलटची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला हाक मारावी लागते, तो चहा संपवतो, गाडी स्टँडवरून काढतो, दोन किका मारतो. पुढचं गिऱ्हाईक लगेच आलं तर गाडी गरमच असते, बसलं की निघाली. लॅम्डाचं अगदी तसंच आहे. पहिल्या हाकेला ते एक नवी बंदिस्त जागा तयार करतं, आपला कोड तिथे आणतं, लागणारी सगळी लायब्ररी उघडतं आणि मग काम सुरू करतं. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. काम झाल्यावर ती जागा लगेच मोडत नाही, काही वेळ तशीच राखून ठेवली जाते. त्या वेळात दुसरी हाक आली तर तीच जागा, तीच गरम गाडी. किती वेळ राखतील याचा भरवसा धरायचा नाही. आणि एका जागेत एका वेळी एकच हाक, डबलसीट नाही. दहा जणांनी एकाच क्षणी फॉर्म भरला तर दहा जागा उघडतात.

ही गरम गाडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिने मला चांगलंच रडवलं आहे.

माझं पहिलं फंक्शन चाळीसेक ओळींचं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. फंक्शनमध्ये शिरलं की ते स्वतःच तक्ता उघडायचं, स्वतःच मेल पाठवणाऱ्या सेवेशी बोलणी करायचं, स्वतःच घड्याळ बघायचं. सगळं घरचं. निर्णयाची मेल बरोबर दिसते का हे पाहायला मी त्या रात्री ते लॅपटॉपवर चालवलं. मी दोन बनावट नोंदी तयार करून ठेवल्या होत्या, आणि निर्णय झालाय का हे तपासणारी अट तेवढ्यापुरती काढली होती. मला वाटलं, आहेत काय, दोनच तर मेल जातील, दोन्ही मलाच. पण फंक्शनने माझ्या नोंदींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या पोटात खऱ्या तक्त्याचं नाव लिहिलेलं होतं आणि खरा पोस्टमनही पोटातच होता. ते खऱ्या तक्त्याकडे गेलं, तोवर आलेली ३१ नावं उचलली आणि खऱ्या पोस्टमनला कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी एकेकाला भेटून, फोन करून सांगितलं. बहुतेकजण हसले. मैत्रीण हसली नाही.

यावरचा उपाय मला आधी पुस्तकात सापडला, पण समजला तो आमच्या वाड्यावरच्या एका लग्नात. आपल्याकडे मोठ्या कार्याला आचारी बोलावतात. जुन्या पद्धतीचा आचारी सामान घेऊन येत नाही. तो आठ दिवस आधी यादी देतो: तांदूळ इतका, तेल इतकं, नारळ इतके, टोप एवढ्या मापाचे. घरचे सामान आणून ठेवतात. तो येतो, समोर असेल त्यातून रांधतो आणि जातो. तांदूळ कुठल्या दुकानातून आला, उधारीवर की रोख, हे त्याने विचारायचं नाही. घरच्यांनी अर्धा किलो तांदूळ देऊन आधी चव दाखवा म्हटलं तर तो तेवढ्यातही करून दाखवतो, कारण त्याची कृती सामानाच्या दुकानाशी बांधलेली नाही.

माझं फंक्शन म्हणजे स्वतःच दुकानात जाणारा आचारी होता. चव बघायला बोलावलं तरी तो थेट घाऊक बाजारात जाऊन तीनशे माणसांचा तांदूळ उचलत होता.

यादी द्यायची आणि सामान बाहेरून घ्यायचं, या पद्धतीला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. पद्धत जुनी, पण हे नाव रूढ झालं ते मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या जानेवारीतल्या लेखामुळे. शब्दशः मराठी केलं तर दवाखाना आठवतो. मी माझ्या वहीत 'बाहेरून पुरवठा' असं लिहिते. कल्पना एका वाक्यात मावते: फंक्शनला जे जे लागतं ते त्याने स्वतः बनवायचं नाही, दारातून मागायचं. मला एक तक्ता द्या, एक पोस्टमन द्या, एक घड्याळ द्या. कुठला तक्ता, कुठला पोस्टमन, हे ठरवणारी जागा वेगळी, आणि ती एकच.

यासाठी मी फास्टएपीआय हे पायथनमधलं फ्रेमवर्क घेतलं. सेबास्तियान रामिरेझ यांनी ते २०१८ मध्ये आणलं. त्यात 'डिपेंड्स' नावाची एक सोय आहे. फंक्शनच्या कंसात, जिथे आपण एरवी आत काय येणार ते लिहितो, तिथेच लिहायचं की पोस्टमन हवा आणि तो अमक्या ठिकाणाहून मिळतो. फॉर्म आला की फ्रेमवर्क आधी यादी वाचतं, एकेक वस्तू तयार करतं आणि हातात देतं. वस्तूला स्वतःची यादी असली तरी चालतं: पोस्टमनला सेटिंग्ज लागतात, तक्त्यालाही त्याच सेटिंग्ज लागतात. एका हाकेत तीच वस्तू दोघांनी मागितली तर फ्रेमवर्क ती एकदाच बनवतं आणि दोघांना तीच देतं. काम संपल्यावर आवरासावर करायची असेल, समजा फाइल बंद करायची, तर तेही त्याच जागी लिहिता येतं.

लॅम्डाला मात्र फास्टएपीआयची भाषा कळत नाही. लॅम्डा प्रत्येक हाक एका जेसन पुडीत बांधून देतं, आणि फास्टएपीआयला वेबसाइटवर येते तशी विनंती हवी असते. मध्ये दुभाषा लागतो. मँगम नावाची एक छोटी लायब्ररी ते काम करते. ती लावायला दोन ओळी पुरतात, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आता चाचणी कशी करते ते बघा. फास्टएपीआयमध्ये एक बदली-यादी असते. चाचणीच्या वेळी मी तिथे लिहिते: कुणी खरा पोस्टमन मागितला तर त्याच्याऐवजी हा द्या. हा माझा खोटा पोस्टमन. तो दहा ओळींचा आहे आणि पत्र टाकत नाही. कुणाला, काय, हे वहीत लिहून ठेवतो. काम झालं की मी वही उघडते. पत्र एकच आहे ना? नाव बरोबर आहे ना? क्रमांक तक्त्यातल्याशी जुळतो ना? हे सगळं लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करूनसुद्धा चालतं. फंक्शनला पत्ताही नसतो की पोस्टमन बदललाय. काही पुस्तकांत यासाठी आधी कोऱ्या करारासारखे क्लास लिहायला सांगतात, मग त्यांच्यावर दुसरे क्लास, मग तिसरे. एवढ्याशा कामाला मला तो पसारा वाटतो. पायथनमध्ये 'पाठव' म्हटल्यावर जो पाठवतो, तो पोस्टमन. त्याचं ओळखपत्र कुणी मागत नाही.

पण इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात अर्धी पडून उठले आहे. बदली-यादीत नाव लिहायला विसरलं तर? मग खराच पोस्टमन येणार आणि परत ३१ मेल. म्हणून खरा पोस्टमन जिथे तयार होतो तिथे मी अट घातली: एक विशिष्ट सेटिंग असेल तरच तयार हो, नाहीतर तिथेच थांबून आरडाओरडा कर. ते सेटिंग फक्त लॅम्डावर आहे, माझ्या लॅपटॉपवर नाही. विसरभोळ्या माणसाने स्वतःच्या विसरण्यावर कुलूप लावावं तसं हे.

घड्याळाची गोष्ट तर मजेशीर आहे. लेखनाची शेवटची तारीख ३१ जुलै होती. कोड म्हणत होता, आजची तारीख ३१ जुलै किंवा त्याआधीची असेल तर घे. लॅपटॉपवर चोख. पण लॅम्डाचं घड्याळ भारतीय वेळेवर नसतं, ते जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे १ ऑगस्टच्या पहाटेचे पाच वाजले तरी लॅम्डाच्या लेखी ३१ जुलैच चालू. उशिरा पाठवणाऱ्यांची चंगळ झाली असती, आणि जो रात्री बारा वाजता प्रामाणिकपणे थांबला त्याच्यावर अन्याय. हे मला कसं कळलं? घड्याळ बाहेरून घ्यायला लागल्यावर मी चाचणीसाठी एक बंद पडलेलं घड्याळ बनवलं, ज्यात कायम १ ऑगस्टच्या रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. ते बनवताना कॉम्प्युटरने विचारलं, कुठल्या प्रदेशातले बारा दहा? तेव्हा माझी ट्यूब पेटली. फंक्शन पूर्वीसारखं स्वतःच घड्याळ बघत असतं तर ही चाचणी करायला मला ३१ जुलैच्या रात्री जागं राहावं लागलं असतं.

आता ती गरम गाडी. नवीन मांडणी करून मी निश्चिंत झाले होते. चौथ्या दिवशी एका मुलाचा फोन: माझ्या पोचपावतीत माझ्या ललित लेखाबरोबर कुणाच्या तरी 'आईस पत्र'चाही उल्लेख कसा? मी लॅपटॉपवर वीस वेळा चालवून पाहिलं, काही सापडेना. आणि सापडणारही नव्हतं, कारण लॅपटॉपवर प्रत्येक वेळी सगळं नव्याने सुरू होतं. लॅम्डावर मात्र फंक्शनच्या बाहेर ठेवलेली वस्तू गरम जागेत तशीच राहते. मी मेलमध्ये लिहायच्या शीर्षकांची यादी फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या डोक्यावर ठेवली होती. पहिलं गिऱ्हाईक उतरलं, पण त्याची पिशवी डिकीतच राहिली आणि दुसऱ्याच्या हातात पडली. या वेळी फक्त शीर्षक गेलं. एखाद्याने टोपणनावाने पाठवलेल्या लेखनाचं खरं नाव असं दुसऱ्याकडे गेलं असतं तर? त्या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून पुरवठा बाहेरून घेताना वस्तू कुठून येते एवढंच ठरवून भागत नाही. तिचं आयुष्य किती, हेही ठरवावं लागतं. सेटिंग्ज, पोस्टमनशी झालेली ओळख, तक्त्याकडे जायची वाट: या गोष्टी गाडीच्या. एकदा बनवायच्या आणि ती जागा गरम असेपर्यंत वापरायच्या. दर वेळी नव्याने बनवल्या तर फुकट वेळ जातो. त्यांच्यासाठी पायथनमध्ये 'एकदा बनव आणि लक्षात ठेव' अशी खूण आहे. आलेलं लेखन, लेखकाचं नाव, शीर्षकांची यादी: या गोष्टी गिऱ्हाइकाच्या. त्या त्याच्याबरोबर याव्यात आणि त्याच्याबरोबर जाव्यात. 'डिपेंड्स'मधून मागितलेली वस्तू मुळातच दर हाकेला नवी बनते, म्हणून गिऱ्हाइकाच्या वस्तूंना ते सोयीचं. आता प्रत्येक वस्तूच्या शेजारी मी एका शब्दात लिहून ठेवते: गाडी की गिऱ्हाईक. आणि चाचणीही बदलली. एकाच दमात दोन वेगळ्या नावांनी दोन फॉर्म भरायचे आणि दुसऱ्या पत्रात पहिल्याचं नाव शोधायचं.

फ्रेमवर्क हलकं का हवं, हेही या गाडीवरूनच कळतं. कोल्ड स्टार्टला जेवढं ओझं उचलावं लागतं तेवढा पहिला माणूस ताटकळतो. जावामधल्या स्प्रिंगसारख्या जुन्याजाणत्या फ्रेमवर्कमध्येही बाहेरून पुरवठा असतो, किंबहुना तिथेच तो घराघरात पोचला. पण कुणाला काय लागतं याचा शोध ते सुरू होतानाच घेतं. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरला ते परवडतं, दर थोड्या वेळाने नव्याने उठणाऱ्या फंक्शनला जड जातं. म्हणून २०१८ च्याच सुमारास आलेल्या मायक्रोनॉटने हा शोध कोड बांधतानाच उरकून घ्यायची युक्ती काढली. माझं दुखणं त्या मानाने किरकोळ होतं. संपादकांना एक्सेलमध्ये यादी हवी म्हणून मी आकडेमोडीची एक अवजड लायब्ररी भरली होती आणि पहिल्या माणसाला सहा-सात सेकंद गोल फिरणारं चक्र दिसत होतं. ती काढून साधी सीएसव्ही फाइल दिली, दोन सेकंदांवर आलं. संपादकांना फरक कळलासुद्धा नाही.

हे सगळं सगळीकडे करावं असं मात्र नाही. दहा ओळींचं फंक्शन, जे कुणाला मेल पाठवत नाही, कुणाच्या तक्त्याला हात लावत नाही, त्याला यादी आणि पुरवठा कशाला? दोन माणसांच्या आमटीला कुणी आचारी बोलावत नाही. शिवाय खोटा पोस्टमन कधीकधी फसवतो. माझ्या वहीवाल्या पोस्टमनकडे मेलचा विषय छान मराठीत दिसत होता, खऱ्या मेलमध्ये मात्र काही जणांकडे त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग गेली. म्हणून एक चाचणी मी अजूनही खऱ्या पोस्टमनकडून करते, फक्त स्वतःच्या पत्त्यावर. पंधरवड्यातून एकदा मला 'आपलं लेखन मिळालं' अशी मेल येते. आई विचारते, काय लिहिलंस गं नवीन?

पुढच्या अंकाचा फॉर्म १ तारखेला उघडतोय, रात्री बाराला, आपल्या बाराला. निर्णयाची मेल आता दोन संपादकांनी होकार नोंदवल्याशिवाय पोस्टमनपर्यंत पोचतच नाही. ज्यांना कोड बघायचा असेल त्यांनी बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत यावं, लॅपटॉप घेऊन असते मी. आणि त्या मैत्रिणीला मी या लेखाचा पहिला खर्डा वाचायला दिला होता. तिने तो परत करताना दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि विचारलं, फॉर्मला कवितांच्या ओळींची मर्यादा आहे का? मोठी पाठवणार आहे म्हणाली.